घोड्याला बाजार आहे, पण माळ कुठे आहे?

मार्गशीर्ष लागला की खान्देशात घोड्यांच्या गोष्टी सुरू होतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत, तिथल्या घोडेबाजारात यंदा कोणता घोडा आला, त्याला किती लाखांची बोली लागली, तो रोज किती दूध पितो, हे वर्तमानपत्रांत येतं आणि मोबाइलवर फिरतं. त्याच मोबाइलवर मंगोलियातल्या, अमेरिकेतल्या मोकळ्या रानात उधळणाऱ्या घोड्यांचे व्हिडिओही येतात. ते पाहून कुणी ना कुणी विचारतंच, आपल्या सातपुड्यात असे घोडे का नसावेत? यात्रेत विकले न गेलेले, वरातीत नाचून थकलेले, म्हातारे झालेले घोडे तोरणमाळच्या रानात सोडून दिले तर काय बिघडलं?

बरंच बिघडेल, आणि असे घोडे मुळीच सोडू नयेत असं माझं ठाम मत आहे. पण या प्रश्नामागची ओढ खरी आहे. दावणीला बांधलेलं जनावर पाहून ज्याला मोकळ्या जनावराची आठवण होते, त्याच्या मनात काहीतरी जिवंत आहे. ती ओढ योग्य ठिकाणी लागावी म्हणून आधी जंगली घोड्याचं जगात काय झालं ते पाहायला हवं.

घोड्याचं मूळ घर अमेरिका. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी दाट झाडीत कुत्र्याएवढं एक जनावर कोवळा पाला खात हिंडायचं. त्याच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं होती. पुढे हवा कोरडी होत गेली, झाडी मागे सरली, गवताचे माळ पसरले, तसतसं ते जनावरही बदललं. उघड्या माळावर लपायला जागा नसते, पळावंच लागतं. म्हणून पाय लांबले आणि बोटं कमी होत होत एका खुरावर आली. दातही उंच झाले. गवतात वाळूसारखा सिलिकेचा अंश असतो, तो दात घासून काढतो. सारंगखेड्यात व्यापारी घोड्याचा ओठ वर उचलून दात बघतो. पुढच्या दातांवरचे काळे खळगे किती पुसट झालेत, दात उभे आहेत की पुढे झुकू लागलेत, यावरून तो घोड्याचं वय सांगतो. मग मानेवरची देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा), अंगावरचे बाकीचे भोवरे, पायांचा पांढरा रंग पाहून होतो आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो. या साऱ्या पारखीची सुरुवात दातांपासून होते आणि ते दात घडले गवतामुळे. घोडा हे नखशिखांत माळाचं जनावर आहे.

अमेरिकेतून घोडे आशियात आले, युरोपात पसरले. खुद्द अमेरिकेत मात्र सुमारे १० हजार वर्षांपूर्वी ते संपले. आपल्या भागातही त्यांचे नातलग होते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या वरच्या बाजूला, मध्य प्रदेशातल्या खोऱ्यात, हिमयुगातल्या एका अश्वकुळातल्या प्राण्याचे जीवाश्म सापडले आणि नर्मदेवरूनच त्याला ‘इक्वस नामाडिकस’ हे नाव मिळालं. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे आपल्याला पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांमुळे ठाऊक आहे. तिथल्या उत्खननात अश्मयुगीन माणसाने शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर केलेलं कोरीवकाम मिळालं, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला लागतो विस्तीर्ण, कोरडा, गवताळ मुलूख. खान्देशचा माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली उजाड जमीन, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. या माळाला स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपल्या शेतीहून कितीतरी जुना आहे.

आज जगभर पाळले जाणारे घोडे कुठून आले, याचं उत्तर २०२१ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी घडलेला एक वंश काही शतकांत सगळीकडे पसरला आणि बाकीचे वंश मागे पडले. पाळीव घोडा वाढत गेला, रानातला आटत गेला. युरोपातला तार्पान तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण नाहीसा झाला.

उरला मंगोलियातला ताखी. बुटका, पिवळसर तपकिरी अंगाचा, आयाळ उभी, कपाळावर झुलपं नाहीत. प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशाने १८७० च्या दशकाच्या अखेरीला त्याची कवटी आणि कातडं मिळवलं, म्हणून जगाला तो त्याच्या नावाने माहीत झाला. ओळख झाली तशी त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांसाठी शिंगरं पकडताना मोठी जनावरं मारली गेली. शिकार होती, कडाक्याचे हिवाळे होते आणि चराऊ जमीन व पाणवठे माणसांच्या कळपांनी व्यापले होते. १९६९ साली गोबीच्या वाळवंटात एक ताखी दिसला, त्यानंतर रानात कुणालाच दिसला नाही. जात टिकली ती प्राणिसंग्रहालयांत, पकडून आणलेल्या डझनभर घोड्यांच्या वंशावर. प्राग शहराच्या प्राणिसंग्रहालयाने १९५९ पासून त्यांची वंशावळ एका नोंदवहीत ठेवली, म्हणून जवळच्या नात्यातली जोडी टाळता आली. १९९२ मध्ये त्यांतले काही घोडे मंगोलियात परत नेले, उलानबातरजवळ हुस्ताईच्या टेकड्यांत आणि गोबीतल्या ताखिन ताल इथे. आज जगात ताखींची संख्या दोन हजारांच्या वर आहे.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच, गोड शेवटावर थांबवतात. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. २००९-१० च्या हिवाळ्यात गोबीत भयंकर बर्फ पडला. ताखिन तालच्या कळपातली दोन तृतीयांशांच्या जवळपास जनावरं एका हिवाळ्यात गेली. त्याच गोबीत, त्याच बर्फात, खुलान म्हणजे तिथली रानगाढवं मात्र बऱ्यापैकी वाचली. ताखी एका मर्यादित पट्ट्यात राहायला सरावले होते, ते तिथेच अडकले. खुलानांना मोठा मुलूख फिरायची सवय होती. बर्फ दाटला तसे ते कमी बर्फाच्या बाजूला सरकले. रानातलं जनावर ताकदीवर जितकं जगतं, तितकंच ते वेळेला हलता येण्यावर जगतं.

अमेरिकेची कथा वेगळी असली तरी गाडी अडते ती तिथेच. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात घोडा पुन्हा तिथे नेला. सुटलेल्या, पळालेल्या घोड्यांचे कळप झाले, ते म्हणजे मस्टँग. विसाव्या शतकात त्यांना ट्रकमधून पाठलाग करून पकडायचे आणि कत्तलखान्यात पाठवायचे. नेवाडातल्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी त्याविरुद्ध आयुष्यभर लढा दिला, शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रं लिहिली आणि १९७१ साली या घोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. कायदा झाला, पण जमीन तीच राहिली आणि तिच्यावर गुरं चारणाऱ्यांचा हक्कही तसाच राहिला. सरकारच्या हिशेबाने त्या जमिनीवर सुमारे २६ हजार जनावरं पोसली जाऊ शकतात. प्रत्यक्षात रानात त्याच्या दुपटीहून अधिक आहेत आणि शिवाय ६० हजारांच्या वर पकडून सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत ठेवलेली आहेत. या कार्यक्रमाचा अर्ध्याहून अधिक पैसा कोंडलेल्या घोड्यांच्या चाऱ्यावर जातो. स्वातंत्र्याची निशाणी म्हणून ज्यांना वाचवलं, त्यांतले हजारो कुंपणामागे आयुष्य काढतात.

आपल्या शेजारी गुजरातेत, कच्छच्या छोट्या रणात, घुडखर आहे. हे घोड्याच्या कुळातलं आपलं रानगाढव. १९६० च्या दशकात सर्रा आणि आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगांनी त्याचा एवढा फडशा पाडला की १९६९ च्या मोजणीत फक्त ३६२ जनावरं उरली होती. पुढे रणाचा सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला आणि २०२४ च्या मोजणीत ही संख्या ७६७२ वर गेली. यात गुजरात वनखात्याचं श्रेय आहेच, पण रणाच्या मोकळेपणाचंही आहे. पावसाळ्यात रण पाण्याखाली गेलं की घुडखर बेटांवर चढतात, पाणी ओसरलं की पुन्हा पसरतात. ती ये-जा कुणी अडवलेली नाही.

आता सातपुड्याकडे येऊ. तिथे घोडे सोडावेत या कल्पनेत पहिली चूक अशी की तोरणमाळ, अक्राणीच्या डोंगरातली जमीन रिकामी नाही. तिथे भिल्ल, पावरा माणसं पिढ्यान् पिढ्या ज्वारी-मका पिकवतात आणि वनहक्काच्या दाव्यांसाठी अजून झगडतात. त्यांच्या पिकांत उपाशी घोडे घुसवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? दुसरी चूक त्या घोड्याबाबतची. चंदी-तोबऱ्यावर, खराऱ्यावर वाढलेलं, पायात नाल ठोकलेलं जनावर डोंगरात सोडून ते जंगली होत नाही. ते रस्त्यावर येतं, ट्रकखाली सापडतं. शिवाय ग्लँडर्ससारखा रोग घोड्यांतून माणसालाही होतो आणि तो झालेलं जनावर कायद्याने मारावं लागतं. मोकाट कळपात अशा रोगावर लक्ष कोण ठेवणार? माणसाने आयुष्यभर वापरून घेतलेल्या घोड्याची शेवटपर्यंत देखभाल करणं ही मालकाची जबाबदारी आहे. तिला ‘जंगलात सोडलं’ असं गोंडस नाव देऊ नये.

मग खान्देशात मोकळा घोडा नाहीच का? आहे. तो ठेलाऱ्यांच्या बिऱ्हाडाबरोबर चालतो आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही.

ठेलारी म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या माळमाथ्यावरचे मेंढपाळ. पावसाळ्यात आपल्या गावाकडच्या माळांवर असतात, दिवाळीच्या पुढे-मागे मेंढ्या घेऊन निघतात. कुणी गुजरातेकडे उतरतं, कुणी तापीकाठच्या काळ्या रानात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या सगळ्या चालीत घर वाहून नेते ती घोडी. पालाचं कापड, वाकळा, पितळी-जर्मनची भांडी, पिठाचं गाठोडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत त्याच रात्री जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर कधी कधी एक लहान मूल. पुढे बाई चालते, तिच्या हातात दोर असतो, पण तो ओढावा लागत नाही. मुक्कामाला पोचलं की ओझं उतरतं, घोडी एकदा जमिनीवर लोळून घेते, मग पुढच्या पायांना सैल पायबंद घालून तिला सोडून देतात. रात्रभर ती स्वतःची स्वतः चरते. मारवेल, पवन्या, कुसळी, बांधाकडचं हिरवं, जे मिळेल ते. तिला दूध नाही, अंडी नाहीत, झूल नाही. उन्हात, थंडीत, खडकाळ घाटात टिकलेली आणि चाऱ्याच्या मागे चालत राहणारी ही तट्टं आहेत. गोबीत खुलानांना जे जमलं आणि ताखींना जमलं नाही, ते यांच्या रोजच्या जगण्यात आहे.

ताखीच्या बाबतीत २०१८ साली एक वाद उभा राहिला. कझाकस्तानात पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी बोताई लोक घोडे बाळगत आणि आजचे ताखी त्याच घोड्यांचे वंशज आहेत, असं एका अभ्यासात निघालं. बोताईंचे घोडे खरोखर पाळलेले होते की शिकार केलेले, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण एवढं तरी त्यातून मिळतं की जंगली आणि पाळीव यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी ठळक नाही. आसामात दिब्रू-साईखोवाच्या नदीकाठच्या गवतात आज जे रानटी घोडे फिरतात, ते दुसऱ्या महायुद्धात सैन्याने मागे सोडलेल्या घोड्यांचे वंशज मानले जातात. पिढ्यान् पिढ्या स्वतः चरून, ऋतू सोसून जगलेलं जनावर आपली एक घडण मिळवतं. ठेलाऱ्यांच्या घोडीत ती घडण आहे. अलीकडेच पुणे-सोलापूर भागातल्या धनगरांकडच्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद झाली. मराठ्यांची घोडदौड जिच्या पाठीवर झाली ती जात राजवाड्यांत टिकली नाही, मेंढपाळांच्या तळावर टिकली. ठेलाऱ्यांची तट्टं दिसायला त्याच दख्खनी बांध्याची आहेत. ती भीमथडीच आहेत की वेगळी, हे तपासण्याचं काम कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांनी हातात घ्यायला हवं, आणि ते घाईचं आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातले घोडे आणि तट्टं सुमारे सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्याही खाली आले.

ही घट सारंगखेड्याच्या मांडवात जाणवत नाही. तिथे मारवाडी, काठियावाडी, नुकरा यांच्या रांगा लागतात आणि उंची इंचात मोजली जाते. मला त्या यात्रेविषयी आदर आहे. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येणारा माणूस घोड्याच्या पाठीवर हात फिरवून जातो, ही आपल्या मुलखाची श्रीमंती आहे. पण बाजारभाव हे जात टिकल्याचं लक्षण नव्हे. बाजार दिखाऊ घोडा निवडतो, उंच आणि चकचकीत. ओझं वाहणारी, बुटकी, काटक घोडी तिथे कुणी विचारत नाही, आणि यात्रेचं रूपांतर महोत्सवात झाल्यावर तर तिला उभं राहायलाही जागा उरलेली नाही.

तिची खरी जागा माळ आहे आणि तोच हातचा चाललाय. पेशवाईत पागेसाठी सरकारी कुरणं राखून ठेवलेली असत, तिथलं गवत कापायला मनाई असे. घोडदळ गेलं तशी कुरणांची गरज कुणाला वाटेना. कागदावर माळ ‘पडीक’ झाला आणि पडीक म्हटलं की ती जमीन कशालाही द्यायला मोकळी. वनखात्याने तिथे खड्डे खणून झाडं लावली आणि चराईबंदी केली. साक्रीच्या माळमाथ्यावर ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला. आता शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावच्या गायरानांवर सौर पट्ट्या येत आहेत. शिवाय शिवारातली ज्वारी कमी होऊन कापूस, मका, केळी आली, त्यामुळे कडबाही महाग झाला.

रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जाणारा शेतकरी दिवसा वीज मागतो, तेव्हा तो शंभर टक्के बरोबर असतो. त्याला वीज मिळायलाच हवी. पण त्यासाठी गावातलं शेवटचं गायरानच का द्यायचं? सरकारी इमारतींची छपरं आहेत, कालव्यांचे काठ आहेत, धरणांचं पाणी आहे. गायरानाला हात लावणं सर्वांत स्वस्त आणि सोपं पडतं, कारण तिथे चरणाऱ्यांच्या नावावर सातबारा नसतो. पवनचक्कीखाली निदान गवत उगवतं. सौर पट्ट्यांना मात्र चारही बाजूंनी तारेचं कुंपण लागतं आणि एका कुंपणाने वर्षानुवर्षांची वाट तुटते. वाट तुटली की मेंढपाळ मेंढ्या टेम्पोत घालतो आणि टेम्पो आला की घोडी विकली जाते.

कुणी म्हणेल, मग जाऊ द्या घोडी, टेम्पो आलाच आहे, आता घोडा लागतो कशाला? जी जनावरं दुष्काळात, उतारावर, कोरड्या गवतावर काही न मागता जगतात, त्यांचं रक्त एकदा गेलं की विकत आणता येत नाही. ताखी परत आणायला किती देशांची प्राणिसंग्रहालयं, किती वर्षं आणि किती पैसा लागला ते वर आलंच आहे. शिवाय घोडी जाते तेव्हा एकटी जात नाही. तिच्याबरोबर मेंढ्यांची चाल जाते, शेतांत बसणारं खत जातं आणि माळावरचं गवत. चरून खुंटलेलं गवत पावसात नव्याने फुटतं. ज्या माळावर कुणीच चरत नाही तिथे घाणेरी आणि वेडी बाभूळ माजते. माळटिटवी, लांडगा, काळवीट यांना जो उघडा माळ लागतो, तो चरणाऱ्या जनावरांनीच उघडा ठेवलेला असतो.

करण्यासारखं जे आहे ते बरंचसं कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क मान्य केलाय. धुळे-नंदुरबारमध्ये व्यक्तिगत आणि सामूहिक दाव्यांवर खूप काम झालं, आदिवासी संघटनांनी त्यासाठी मुंबईपर्यंत पायी मोर्चे नेले. त्याच बळावर ठेलाऱ्यांच्या वाटांचे आणि मुक्कामांचे दावे पुढे आले पाहिजेत. त्यासाठी आधी त्या वाटा नकाशावर यायला हव्यात: कोणत्या गावावरून कोणत्या महिन्यात, कुठला पाणवठा, कुठलं गायरान. तहसील कार्यालय, वनखातं आणि जुने जाणते ठेलारी एका हंगामात एकत्र बसले तर साक्री आणि नवापूरपुरता तरी हा नकाशा होऊ शकतो. तो होईपर्यंत या वाटांवरचं एकही गायरान कुठल्याही प्रकल्पाला देऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय, तेव्हा निमित्तही आयतं आहे.

आणि सारंगखेड्याच्या यात्रेत महोत्सवाच्या आयोजकांनी एक मैदान ओझ्याच्या तट्टांसाठी राखावं. तिथे नाच नको, शर्यत नको. पशुवैद्यकाने फुकट तपासावं, ग्लँडर्सची चाचणी करावी, नालबंदाने खूर पाहावेत, प्रत्येक घोडीची उंची, रंग आणि मालकाचं गाव वहीत लिहून घ्यावं. प्रागच्या नोंदवहीने एक जात वाचवली. आपली वही येत्या दत्तजयंतीला सुरू करता येईल; त्यासाठी लागतं एक टेबल, दोन डॉक्टर आणि ठेलाऱ्यांना वेळेवर दिलेला निरोप.